दिवेलागणीचा नवस

बाजार कसा चाललाय हे कळायला दुकानातली माणसं आठवड्याला किती तास कामावर असतात ते बघतात म्हणे. माझी नात अभ्यासाचं मोठ्यानं वाचत होती. मंदी आली की मालक आधी माणूस कमी करत नाही, त्याचे तास कमी करतो. मी शेंगा सोलत ऐकत होते आणि काय झालं कोण जाणे, मला रडूच कोसळलं. पोरगी घाबरली बिचारी.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, संस्थानच्या राजधानीत, लश्कर नावाच्या पेठेत दाल बाजाराजवळ एका कापडाच्या दुकानात कामाला होते. मालक हिंदी बोलणारे सेठजी, पण निम्मं गिऱ्हाईक मराठी, कचेऱ्यांतल्या कारकुनांच्या घरचं. त्या बायकांना नऊवारी चंदेरी दाखवायची ती नानांनीच. ते पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायचे आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. लग्नसराईत ते घरी येईतो आम्ही भावंडं झोपलेली असायचो. आई जाम वैतागायची. "एक दिवस पोरं विचारतील, हे पाहुणे कोण म्हणून!" शेवटी तिनं नवसच बोलला. हे दिवेलागणीला घरी येऊ लागले तर सत्यनारायण घालीन.

संस्थान विलीन झालं, मध्य भारत राज्य आलं, तोवर दुकानाचं फारसं बिघडलं नव्हतं. मग तेही मोडून नवं राज्य झालं आणि राजधानी गेली भोपाळला. कचेऱ्या गेल्या, त्यांच्यामागे बिऱ्हाडं गेली. आमच्या गल्लीत जिकडे तिकडे कुलपं. आणि नाना लवकर येऊ लागले. आधी आम्ही जेवत असताना, मग परवचा म्हणत असताना, मग तर आईनं दिवा लावायच्याही आत.

आई हरखून गेली. "ऐकलं गं बाई देवानं!" पगार पूर्वीएवढाच येत होता, त्यामुळे तिला शंका यायचं कारणच नव्हतं. नाना नुसते हूं म्हणायचे.

पूजा ठरली तसं तिनं सेठजींनाही बोलवायचं काढलं. नाना म्हणाले, "त्यांना कशाला?"

"वा! ज्यांनी तुम्हाला घरी सोडलं त्यांनाच नको?"

सेठजी आले, चौरंगासमोर हात जोडून बसले. आई डोक्यावरचा पदर सावरत आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "सेठजी, आपकी कृपा. अब ये जल्दी घर आते. हमको इतना आनंद हुआ, क्या बोलूं! ऐसेच छोड़ते जाव." सेठजींनी नानांकडे पाहिलं. नाना प्रसादाच्या द्रोणाकडे पाहत होते.

दुकानाला आता एकच माणूस झेपत होता. नाना, नाहीतर त्यांच्याच वयाचे दुसरे एक गृहस्थ. कुणाला काढायचं हे सेठजींच्यानं ठरत नव्हतं, म्हणून ते दोघांचे तास कमी करत, पगार मात्र पदरचा भरून पूर्ण देत दिवस ढकलत होते. हे आम्हाला कळलं ते दुसऱ्या दिवशी, नाना भर दुपारी घरी आले तेव्हा. हातात आईसाठी सेठजींनी दिलेली चंदेरी होती.

"मलाच काढलं. सेठजी म्हणाले, भाभीजी तो खुश हैं. उस दूसरे बेचारे के घर तो रोना पड़ जाएगा."

आईला क्षणभर कळेचना. मग तिनं त्यांच्या हातातली चंदेरी दूर लोटली. "अहो, मला सांगायचं होतं ना हो!"

"तू एवढी आनंदात होतीस. जीभच उचलेना माझी."

मला अजून राग येतो. आईचा नाही, नानांचाही नाही. कुणाचा ते कळत नाही, म्हणून जास्तच येतो.

पुढे नाना बिर्लानगरच्या गिरण्यांपर्यंत कामासाठी हिंडले. कुठे चार दिवस मिळालं, कुठे तेही नाही. ती चंदेरी आईनं कधी अंगाला लावली नाही. संध्याकाळी नाना ओसरीवर बसलेले असायचे आणि आई निरांजन हातात घेऊन दारातच थबकायची.

"जा ना हो," ती हलक्या आवाजात म्हणायची, "जरा बाजारातून फिरून या."

नाना टोपी घालून निघायचे. आणि ते परत यायच्या आत आई आम्हाला निजवून टाकायची, पूर्वीसारखं.