साइडकारवरची मुंबई

इंजिन बंद असलं की आवाज स्वच्छ. किक मारली की लाउडस्पीकरमधून नुसती तडतड. जणू कोणी आत बसून लाह्या भाजतंय.

डिलाईल रोडवर चाळीसमोर मोटरसायकल उभी होती. तिच्या साइडकारमध्ये आमच्या दुकानाचा अँप्लिफायर, पुढे लाउडस्पीकरचा हॉर्न, आणि शेजारी कमरेवर हात ठेवून कांबळे पेंटर. मोटरसायकल त्याची. लष्कराच्या लिलावातली, जुन्या बाजारातून घेतलेली. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रचारासाठी त्याने ती दिली होती. दुपारी चारला फेरी निघायची होती. डिलाईल रोड, लालबाग, परळ, शेवटी भोईवाडा.

मी तेव्हा गिरगावातल्या एका साउंड सर्व्हिसमध्ये मेकॅनिक होतो. निघताना मालक म्हणाले होते, "आवाज नीट लावून ये. आणि तिथे घोषणा देत बसू नकोस, आपलं काम कर."

फेरीत बोलणार होत्या शेवंताबाई. गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला. गेले कित्येक दिवस पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून चाळीचाळीतून ओरडल्या होत्या, त्यात घसा पार बसला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा ओरडलात तर आवाज कायमचा जाईल. माइकसमोर हळू बोला, नाहीतर बोलू नका. म्हणून तर मला बोलावलं होतं.

बाई पायरीवर बसून माझ्याकडे बघत होत्या. बोलत नव्हत्या, चार वाजेपर्यंत घसा राखून ठेवत होत्या. मला त्या नजरेचं जास्त दडपण आलं.

कांबळे मात्र दोघांच्या वाटचं बोलत होता.

"काय राव, गिरगावातून आलात ना? मग हे काय?"

"जरा दम खा. शोधतोय."

इंजिनात पेट्रोल पेटवायला ठिणगी पडते. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ स्टेशनच. ती आपलं प्रक्षेपण आजूबाजूच्या वायरींमध्ये सोडते, आणि अँप्लिफायर बिचारा ते इमानेइतबारे मोठं करून ऐकवतो. त्यावर पहिला उपाय ठरलेला. स्पार्क प्लगच्या वायरीत सप्रेसर नावाचा एक छोटा तुकडा बसवायचा, तो ठिणगीचा गोंगाट दाबतो. बसवला. तडतड थोडी कमी झाली. मग डायनामोला कंडेन्सर लावला. त्याने मागची कुईंकुईं गेली. तडतड जागच्या जागी.

माइकची वायर बदलली. काही फरक नाही. शेवटी वैतागून अँप्लिफायरच उचलला आणि फूटपाथवर नेऊन ठेवला. इंजिन चालूच ठेवलं. तडतड जवळजवळ बंद!

म्हणजे दोष अँप्लिफायरमध्ये नव्हता. साइडकारमध्ये होता.

साइडकारची पत्र्याची बॉडी रबराच्या तुकड्यांवर बसवलेली असते, म्हणजे हादरे कमी बसतात. पण त्यामुळे ती विजेच्या दृष्टीने मोटरसायकलपासून तुटलेली राहते आणि सगळा गोंगाट गोळा करत बसते. म्हणून दोन्हींना जोडणारी तांब्याच्या तारांची जाड वेणी लावतात. त्याला आम्ही अर्थिंग म्हणतो. या गाडीला ती कुठे दिसेना.

"कांबळे, पुढे तांब्याची एक वेणी होती का?"

"ती काळीकुट्ट चिंधी? रंगवताना काढून टाकली. घाण दिसत होती."

"आणि तिचा बोल्ट?"

कांबळे अभिमानाने साइडकारच्या नाकाशी गेला. तिथे त्याने महाराष्ट्राचा नकाशा काढला होता. खरोखर देखणा. हिरवा प्रदेश, निळा समुद्र, आणि डावीकडे, बरोबर मोटरसायकलच्या बाजूला, लालभडक मुंबई. थोडी वर आलेली, उठून दिसणारी.

"बोल्टचं टेंगूळ होतंच," तो म्हणाला. "म्हटलं, ह्याचीच मुंबई करू. ऑइलपेंटचे तीन हात दिलेत."

मी कपाळाला हात लावला. रंग म्हणजे विजेला भिंत. ती भिंत याने भक्तिभावाने तीनदा बांधली होती.

दुसरी जागा बघितली. सीटखाली एक गंजका कोपरा रंगातून सुटला होता. तिथे वायर टेकवली तर तडतड कमी झाली. पण पत्रा पापडासारखा, बोल्ट धरेना. शिवाय इतकी लांब वायर नेली की तीच नवा गोंगाट गोळा करते. लष्करवाल्यांनी बोल्ट उगाच पुढे ठेवला नव्हता.

"कांबळे, मुंबई खरवडावी लागेल," मी पिशवीतून पटाशी काढत म्हणालो.

तो नकाशासमोर आडवा उभा राहिला.

"शुद्धीवर आहात का? मुंबई काढायची? अहो, तिच्यासाठी तर सगळं चाललंय! आमच्या चाळीतला माणूस गोळी लागून गेला. आणि मी माझ्या हाताने नकाशातून मुंबई खरवडू? लोक काय म्हणतील? तोंडाला काळं फासतील माझ्या."

मला हसू येत होतं, पण त्याचे डोळे भरले होते. मी हसू गिळलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझाही हात धजेना.

शेवंताबाई उठल्या. पायरीमागे ठेवलेला पत्र्याचा भोंगा त्यांनी हातात घेतला आणि पदराने पुसला.

"मावशी, तो ठेवा," कांबळे म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाले?"

बाईंच्या घशातून कुजबुजीइतकाच आवाज आला. "कांबळ्या, नकाशार मुंबय दिसान काय उपेग? लोकांक आयकाक येवक होया. तुझा यंतर बोलना नाय, तर मी बोलतंय."

आणि त्या खरंच भोंगा घेऊन रस्त्याकडे चालू लागल्या.

"थांबा!" कांबळे ओरडला. मग माझ्याकडे हात पुढे केला. "द्या ती पटाशी. पण खरवडणार मीच. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही."

त्याने मुंबई अशी खरवडली, की जणू जखमेवरची पट्टी काढतोय. खालून बोल्ट निघाला, पितळेचा. पॉलिश पेपरने घासल्यावर झगझगीत झाला. मी नवी वेणी आवळली, वर पितळेचीच चकती आणि नट बसवला. कांबळे दोन पावलं मागे गेला, मान तिरकी करून बघितलं.

"आधीपेक्षा बरी दिसते," तो पुटपुटला.

अँप्लिफायर परत साइडकारमध्ये ठेवला. किक मारली. इंजिनाचा आवाज इंजिनातूनच आला, हॉर्नमधून नाही. शेवंताबाई आत बसल्या, माइक ओठांजवळ धरला आणि शेजारणीशी बोलावं तशा हळू म्हणाल्या, "बायांनो, जरा बाहेर या." चारही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. फेरी भोईवाड्यापर्यंत गेली आणि बाईंचा घसा शाबूत राहिला.

महाराष्ट्र झाला तेव्हा मिरवणुकीसाठी कांबळेने मोटरसायकल पुन्हा माझ्याकडे आणली. सगळी नव्याने रंगवलेली होती. नकाशाही नवा. मी सवयीने आधी साइडकारच्या नाकाकडे बघितलं. पितळेचा बोल्ट उघडाच होता, ब्रशचा एक ठिपकाही नव्हता.

"इथे रंग नाही दिला?" मी मुद्दाम विचारलं.

"देईन कसा?" कांबळे म्हणाला. "मुंबई झाकली, की सगळा महाराष्ट्र खरखरतो."