गिरजामायची ऑर्डर

मी औषधाची बाटली घेऊन पोचलो तर किसनआबांना भुईवर घेतलेलं. शिरपूरच्या दवाखान्यात मी तेव्हा कंपाउंडर होतो, म्हणजे डॉक्टरसाहेब लिहितील ते मिक्श्चर बनवायचं आणि पेशंटला पोचवायचं. जीव बाजेवर जाऊ नये म्हणून शेवटच्या घटकेला माणसाला सारवलेल्या भुईवर उतरवतात, ही आमच्याकडची रीत. एकदा खाली घेतलं की संपलंच. माणसालाही ते कळतं. आबांनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

त्यांची मुलगी रुखमा मानोऱ्याहून बैलगाडीनं निघाली होती. "तिले पाह्यल्याबिगर जात नाही," असं आबा दोन दिवस घोकत होते. आता तेही बंद.

मी घाईनं चमचाभर डोस तोंडात ओतला. त्यांना ठसका लागला, डोळे पांढरे झाले.

"बाटली ठेव खाली," गिरजामाय आत येत म्हणाली. गावात कोणाचा शेवट जवळ आला की तिला बोलावणं जायचं. माणूस सुटेपर्यंत ती उशाशी बसायची. तिनं आबांना कुशीवर वळवलं, ओल्या फडक्याचं टोक ओठांना लावलं, पायांवरून हात फिरवला.

"गनपत, काहून खाली घेतलं रे? गुडघे गरम हायेत अजून. उचला, बाजीवर ठेवा."

आबांचा मुलगा दचकलाच. "माय, खाली घेतलेलं मानूस कोनी वर ठेवते काय? लोक काय म्हनतीन?"

ती माझ्याकडे वळली. "कंपाउंडरभाऊ, तुमी सांगा. माह्यं कोनी आयकत नाही. बाटलीवाल्याचं आयकतेत."

साहेबांच्या नावानं मी पहिल्यांदाच खोटं बोललो. "डॉक्टरसाहेबांची ऑर्डर आहे. पेशंट बाजेवरच पाहिजे."

गनपतनं आबांना उचलून बाजेवर ठेवलं. बाज दारासमोर ओढली. गिरजामाय आबांच्या कानाशी वाकली. "आबा, रुखमी निंघाली हाये. पन बैल तूच देलेले, तुह्यावानीच आयशी!"

आबांनी डोळे उघडले. चक्क हसले.

दुपारभर ती त्यांच्याशी बोलत राहिली आणि मी फडकं भिजवून देत राहिलो. बाटलीला कोणी हात लावला नाही.

दिवेलागणीला गाडी आली. रुखमा उंबऱ्यातूनच हाक मारत आत धावली. आबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुटपुटले, "जेवली काय व?"

मग गिरजामायकडे पाहून म्हणाले, "घ्या आता खाली."

मला रडू आवरलं नाही. सांगायला लाज कसली?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "अशी ऑर्डर मी कधी दिली?"

"गिरजामायनं दिली, साहेब. मी नाव तेवढं तुमचं लावलं."

साहेब म्हणाले, "पुढच्या वेळी आधी तिला पाठव. बाटली मागून ने."

पुढे नोकरी संपेपर्यंत मी तेच केलं. बाटली पुष्कळदा भरलेलीच परत आणली. फडकं मात्र स्वच्छ न्यायचो.