गोटीरामच्या फियाटचा ब्रेक

तुर्भे गावात गोटीराम पाटलाचं घर विचारलंत, तर लोक सांगतात, "ती जुनी फियाट उभी आहे ना, तेच." आधी गाडी, मग गोटीराम. सरकारने घेतलेल्या जमिनीचे पैसे हातात आले तेव्हा शहाण्यांनी चाळी बांधल्या, बायकांना सोनं केलं. या पठ्ठ्याने गाडी घेतली. भाऊबंदांनी तोंडावर नावं ठेवली, आणि पुढे आपापल्या पोरी सासरी पाठवायला तीच गाडी मागायला दारात आले. गावातल्या निम्म्या नवऱ्या त्या मागच्या सीटवर रडून गेल्या असतील. त्याची स्वतःची लेक जागृतीसुद्धा.

आता दारोदारी मोठमोठ्या गाड्या आहेत, फियाटला कोण विचारतो! पण रविवार उजाडला की गोटीराम ती काढायचा, पुतळाबाईला शेजारी बसवायचा आणि खाडीकाठच्या कोळीवाड्यात, दिवाळ्याला जायचा. तिथे गोजरा कोळीण त्याच्यासाठी जिताडा झाकून ठेवायची. मग घासाघीस, थोडा शिव्यांचा आहेर, आणि मासळी डिकीत. बाकीचा आठवडा तो नुसता ओट्यावर बसून काढायचा.

अशात साखरेने त्याचा पाय धरला. उजवं पाऊल हळूहळू बधिर झालं. डॉक्टरने स्वच्छ सांगितलं की आता गाडी चालवायची नाही. घरी येऊन हा म्हणाला, भात कमी खायला सांगितलाय. खरं तर वाईट वाटायला हवं होतं, पण तेही वाटेना. बधिरपणा पावलातून वर चढत चालला होता की काय, देव जाणे. जागृतीचा फोन आला तरी हूं, नातू नाचला तरी हूं. फक्त रविवार हातचा जाईल, एवढी एक गोष्ट त्याला अजून टोचायची. ती टोचणी जपायला म्हणून तो खोटं बोलायला लागला.

"बिरेक कडक झालाय रं," त्याने शिवाला सांगितलं.

शिवा मूळचा बीडकडचा. जुन्या टॅक्सींवर हात बसलेला, एमआयडीसीत पत्र्याखाली त्याचं गॅरेज. त्याने फियाट एक चक्कर फिरवून आणली आणि म्हणाला की ब्रेक ठणठणीत आहे. या गाडीचा ब्रेक पहिल्यापासून असाच, पायाने नाही, कमरेने दाबायचा. पण ऐकेल तो गोटीराम कसला! कुणीतरी त्याच्या कानात सर्वो घातला होता. बॉनेटखाली एक गोल डबा बसवायचा, त्याला इंजिनातून नळी द्यायची. इंजिनाच्या ओढीने डबाच ब्रेकला जोर लावतो, पायाने नुसतं टेकवायचं. शिवाने कुठल्या तरी भंगारातून तसला डबा पैदा केला, धुऊनपुसून त्याचे रबर बदलले, पट्टी ठोकून बसवला आणि ब्रेकचे पाइप हाताने वाकवून जोडले.

पाइप उघडले की आत हवा शिरते, ती काढायला दोघं लागतात. एकाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकापाशी नट सैल करायचा. दाबायला गोटीराम हट्टाने स्वतः बसला. शिवा खालून ओरडायचा, धरा. हा वरून म्हणायचा, धरलाय. हवा काही संपेना. शेवटी शिवा उठून दारातून डोकावला. गोटीराम समोर बघत होता, "धरलाय" म्हणत होता आणि पाऊल पेडलच्या शेजारी खाली टेकलेलं होतं.  शिवाने काकांना चहाला पाठवलं आणि शेजारच्या वेल्डरला बसवून काम उरकलं. बोलायला हवं होतं त्याने. पण बापाच्या वयाच्या माणसाला कोण सांगणार?

गोटीरामच्या घरची रीत अशी, की ब्रेकचं काम झालं की गाडी लिंबावरून काढायची. लिंबू फुटलं की जागीच थांबायचं, आणि पुतळाबाईने समोरून येऊन चाकावर पाणी घालायचं. इतक्या वर्षांत तो कधी वीतभर पुढे गेला नव्हता, म्हणून ती तांब्या घेऊन अगदी समोर उभी राहायची. आजही राहिली. शिवाने तिला बाजूला व्हायला सांगून पाहिलं. ती हलेना, तेव्हा तो गोटीरामशेजारी जाऊन बसला.

गाडी हलली, लिंबू फुटलं, गोटीरामने ब्रेक दाबला. गाडी तशीच पुढे निघाली. पूर्वी ब्रेक लागला की मांडीला कळायचं, कमरेला कळायचं. आता हलक्या ब्रेकात काही कळण्यासारखं उरलंच नव्हतं, तो दाबतोय असं धरूनच बसला होता. पुतळाबाई पाणी घालायला खाली वाकलेली. शिवाने हँडब्रेक खेचला. गाडी आचका देऊन बंद पडली तेव्हा बंपर तिच्या लुगड्याला टेकला होता आणि तांब्या लांब जाऊन पडला होता.

"बिरेक लागला नाय," गोटीराम म्हणाला.

"काका, पाय ब्रेकवर नव्हता."

गोटीरामने वाकून खाली बघितलं. पाऊल पेडलच्या शेजारी होतं, आणि अनवाणी होतं. चप्पल मागे, तो गाडीत चढला तिथेच पडली होती. आपली बायको आता चाकाखाली गेली असती, हे त्याला समजलं, नीट समजलं. पण छातीत काही हललं नाही, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

 त्याच्या नकळत गळलेली ही चप्पल पुतळाबाईने याआधी ओट्यावरून उचलली होती, देवळाच्या पायरीवरून उचलली होती, एकदा बाजारातून उचलून मुकाट्याने पिशवीत घातली होती. तिने ती आणली आणि दार उघडलं. गोटीरामने किल्ली काढून तिच्या हातात ठेवली.

"गोजराला सांग," तो म्हणाला, "जिताडा दुसऱ्या कोनाला दे."

ती गाडीपाशी खाली बसली. त्याचं पाऊल मांडीवर घेतलं, पदराने पुसलं, चप्पल चढवली, अंगठा नीट बसवला. तो काचेतून समोर फुटलेल्या लिंबाकडे बघत होता. बराच वेळ गेला असं वाटून त्याने विचारलं,

"घातलीस का गं?"