भिकाजीची झटपट गड्डी

रामनगरात "गिरणवाला भिकाजी कुठं राहतो?" असं विचाराल तर माणसं डोकं खाजवतील. "मालगाडी कुठं राहते?" असं विचारा, शेंबडं पोरसुद्धा हाताला धरून दारात नेऊन सोडेल. घाट चढणारी मालगाडी ज्यानं एकदा पाहिली, त्याला हे नाव का पडलं ते सांगायला नको. "काय भिकाजी, जेवलास काय?" असं विचारलं की तो आधी विचारणाऱ्याकडे बघायचा, मग आढ्याकडे, मग पोटावरून हात फिरवायचा, आणि तोंडातून "व्हय" बाहेर पडेस्तोवर विचारणारा पुढच्या वळणावर पोचलेला असायचा. आळशी मात्र नव्हता हो! भात कांडून देण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या जोयडा तालुक्यात नव्हता. गुंद, दिग्गी, बाजारकुणंग, कुठून कुठून माणसं डोक्यावर पोती घेऊन त्याच्याकडे यायची. फक्त घाई हा शब्द देव त्याच्या कपाळी लिहायला विसरला होता.

नव्वदच्या आसपास हुबळीकडच्या कुणा चहावाल्यानं चहाच्या पुड्यात एकेक पत्ता घालायला सुरुवात केली. वनराज चहा. पत्त्यावर रानातलं एक जनावर, खाली त्याच्या बळाचा आकडा, आणि काही पत्त्यांवर आकड्याखाली कानडीत एकच शब्द. पत्ते काढले होते पोरांसाठी, पण पोरांच्या हातात ते राहिले आठवडाभर. मग बापांनी काढून घेतले, आणि सगळं रामनगर चहा प्यायला लागलं. ज्यांना चहानं पित्त व्हायचं तेसुद्धा प्यायला लागले! खेळायचं कसं याचा एक कागद चहाच्या पहिल्या खोक्यातून आला होता म्हणतात, पण तो नारायणाच्या हॉटेलात गरम भज्यांखाली गेला आणि भज्यांबरोबर कुणीतरी घरी नेला. मग काय, गावानं आपले नियम आपणच केले.

नियम साधे. प्रत्येकाची वीस पानांची गड्डी. पाळीपाळीनं एकेक पान टाकायचं, बळाची बेरीज करत जायची, आधी शंभर करील तो जिंकला. वाघ तीस, गवा पंचवीस, आणि खाली उतरत उतरत बेडूक बिचारा तीन. आता तो कानडी शब्द. सगळ्यांनी डोकी एकत्र करून अक्षरं लावली. क आणि डि. कडी! म्हणजे साखळीची कडी. ज्या पानावर कडी, ते टाकलं की त्याला लागूनच आणखी एक पान टाकायचं. त्यावरही कडी असली तर अजून एक. इतकं सरळ होतं की कुणाला शंका घ्यावीशीच वाटली नाही.

या खेळात नारायणाच्या बहिणीला, ताराला, हरवणारा कुणी नव्हता. तारा हळियाळला मामाकडे राहून शिकलेली. हॉटेलात भावाला मदत करायची आणि बाजाराच्या दिवशी कोपऱ्यातल्या बाकावर भल्याभल्यांची गड्डी रिकामी करायची. हसायची ती ओठांनी नव्हे, नाकानं. भिकाजी दर बाजाराला गिरण बंद करून तिच्यासमोर जाऊन बसायचा आणि दर बाजाराला हरायचा. नारायणाचा एकच दंडक होता. "डाव चालू हाय तवर बसा. डाव संपला की उठा, गिऱ्हाइकं उभी हायत." आणि भिकाजीचा डाव असा रंगायचा, म्हणजे असा रेंगाळायचा, की दुपारचं ऊन बाकाखाली यायचं तरी उठायचं नाव नाही. बाकीचे खेळणारे वैतागून निघून जायचे. तारा मात्र कधी वैतागली नाही. यातून काय समजायचं ते अख्ख्या बाजाराला समजलं होतं. समजलं नव्हतं ते एका भिकाजीला.

त्याला ती आवडायची, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि नेमकं त्याच वेळी कानावर आलं की ताराला खानापूरचं एक स्थळ आलंय, मुलगा मोटारसायकल चालवतो, रामनगरचा रस्ता चुटकीसरशी मारतो. त्यात तारा एकदा पान टाकता टाकता बोलून गेली, "तुमची पाळी सरेस्तोवर माझा भात शिजून हुतोय बघा." चेष्टा हो, निव्वळ चेष्टा! पण भिकाजीच्या काळजात ती कुसळासारखी घुसली. तिला झटपट माणूस पाहिजे, त्यानं ठरवून टाकलं. मग आपण हिला असं हरवायचं की डोळ्याचं पातं लवायच्या आत खेळ खलास. खानापूरवाला आपल्या मोटारसायकलवर बसून बघत राहिला पाहिजे.

दुसऱ्या दिवसापासून गिरणीत पोत्यांवर पत्ते मांडून बसला. भात यंत्रात, डोकं पत्त्यांत. पुष्कळ दिवस काही सुचेना. मग एकदा कडीचं पान, कडीचं पान, कडीचं पान असं भराभर लागत गेलं आणि कडीची पानं सरल्यावर वाघ टाकावा लागला. वाघाचे तीस मिळाले, पण वाघावर कडी कुठली? साखळी तुटली, पाळी गेली. भिकाजी वाघाकडे बघत बसला. नेहमीसारखा सावकाश बघत बसला, आणि हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. आयला! आपल्याला हरवतोय तो वाघच की! वाघ काढून टाकला, गवा काढून टाकला, अस्वल काढून टाकलं आणि वीसच्या वीस पानं कडीची घेतली, तर साखळी तुटणारच नाही. पहिल्याच पाळीत शंभर. समोरच्याला पान टाकायलासुद्धा मिळणार नाही!

मग सुरू झाली अदलाबदल. दिग्गीचा परशू भात घेऊन आला, तर भिकाजीनं त्याला वाघ दिला आणि दोन खेकडे मागितले. परशू आधी हसला, मग घाबरला. "भिकाजी, ताप बीप न्हाई न्हवं आला?" गव्याच्या बदल्यात मुंगूस आणि खार. अस्वलाच्या बदल्यात बेडूक. गावात बोभाटा झाला की मालगाडीचे डबे घसरले. माणसं मुद्दाम घरातले बेडूक शोधून आणायची आणि त्याच्याकडून बिबटे घेऊन पसार व्हायची, वर एकमेकांना टाळ्या द्यायची. भिकाजी सगळ्यांना चहा पाजायचा. घरात चहापत्तीचा ढीग पडला होता, संपवायचा तरी कसा?

पण किरकोळ जनावरांची बेरीज ती किती होणार! कडीची वीस पानं जमली आणि साखळी सुरेख लागली, पण शेवटी बेरजेनं अठ्ठ्याऐंशीवर येऊन बसकण मारली. आता बेडकांना हाकलणं आलं. तिनाच्या जागी खेकड्याचे पाच, खारीच्या जागी साळिंदराचे आठ, असं एकेक पान बदलत, पुन्हा पिसत, पुन्हा मांडत बसला. एका दुपारी बेरीज नव्व्याण्णववर येऊन अडली. फक्त एक! एवढ्यात गुंदची फुलाक्का यंत्राखालचं सूप घेऊन त्याच्या पुढ्यात उभी राहिली. "मुडद्या, माझ्या भाताची कणी केलास की रे!" सुपात तांदूळ कुठला, सगळा चुरा. भिकाजीनं सुपाकडे पाहिलं, मग फुलाक्काकडे पाहिलं, आणि म्हणाला, "फुलाक्का, तुझ्याकडं मुंगूस हाय काय? सहाचं?" तिनं त्याला काय काय दिलं ते सांगत नाही. पण कणीच्या बदली चांगला तांदूळ भरून दिल्यावर मुंगूससुद्धा दिलं. तिच्या नातवाच्या दप्तरात दोन होती. पाचाच्या जागी सहा आले, आणि शंभर भरले.

पुढच्या बाजाराला भिकाजी धुवट सदरा घालून, केसांना तेल चोपडून हॉटेलात शिरला. बातमी आधीच फुटली होती. बेडकांचा सावकार आज काय दिवे लावतोय ते बघायला माणसं खांबांना टेकून उभी होती. परशू तर खास दिग्गीहून चालत आला होता. नारायण कढईतला झारा हातात घेऊनच बाहेर आला. तारानं नाकातून हसून विचारलं, "पैली पाळी कुणाची?"

"माझी," भिकाजी म्हणाला. विचारल्याबरोबर म्हणाला! इथंच लोकांनी एकमेकांकडे बघितलं.

बेडूक, कडी. खेकडा, कडी. साळिंदर, कडी. मुंगूस, कडी. त्याचे हात असे चालले होते की हे हात ह्याचेच का, असं वाटावं. पानावर पान, पानावर पान, परशू मोठ्यानं बेरीज करत होता आणि शेवटी शेवटी त्याचा आवाज चिरकायला लागला. शेवटचं साळिंदर खाली पडलं आणि परशू ओरडला, "शंभर!" तारानं अजून गड्डीला हातसुद्धा लावला नव्हता. हॉटेलात एकच कल्ला झाला. भिकाजीनं छाती पुढं काढून ताराकडे पाहिलं. आता ती काय म्हणते?

ती काही म्हणायच्या आधी नारायण म्हणाला. "झकास! संपला न्हवं डाव? उठा मग. गिऱ्हाइकं उभी हायत."

भिकाजी उठला. नियमच तसा होता. उठून उभा राहिला आणि मग त्याला उमगलं की आपला चहासुद्धा अजून आलेला नाही. दर बाजाराची अख्खी दुपार तिच्यासमोर बसून काढणाऱ्या गड्यानं आज स्वतःच्या हातानं, बुद्धी खर्चून, फुलाक्काच्या शिव्या खाऊन, ती दुपार पुसून टाकली होती. इथून पुढं दर बाजाराला हेच. यायचं, शंभर करायचं, उठायचं. त्याचा चेहरा पार उतरला. जिंकलेल्या माणसाचा इतका पडलेला चेहरा रामनगरानं पाहिला नव्हता.

"थांबा," तारा म्हणाली. "बसा खाली. डाव संपल्याला न्हाई." तिनं त्याच्या ढिगातला बेडूक उचलून सगळ्यांना दाखवला. "हे काय लिवलंय?"

"कडी," सगळे म्हणाले.

"कडी न्हवं, कडि. कानडी हाय ते. कडि म्हंजे तोड!"

"काय तरीच काय!" परशू म्हणाला.

"परशूदादा, तू रानात कुऱ्हाड घेऊन गेलास की फारेस्टवाला काय वरडतोय?"

परशूला ते पाठच होतं. "मर कडिब्याड!"

"म्हंजे काय? झाडं जोडू नको, का तोडू नको?"

प्रत्येक जण मनातल्या मनात तो फारेस्टवाला आठवत होता. जन्म गेला ती ओरड ऐकण्यात, निम्मं आयुष्य कानडी बोलण्यात, आणि एका अक्कलवंतालाही पत्त्यावर ते दिसलं नव्हतं. मग परशूनंच कपाळावर हात मारून घेतला आणि हसण्याचा असा फवारा उडाला की बशीतला चहा सांडला.

"हे पान टाकलं की समोरच्याचं एक पान तोडायचं," तारा म्हणाली. "माझं पान खाली न्हाईच, तवा तोडणार काय? तुमचे बेडकाचे तीन झाले. बाकीची पानं उचला. आता पाळी माझी."

भिकाजी तापला. आयुष्यात पहिल्यांदा, पण चांगलाच तापला. "तुला हे कवापासनं ठावं हाय?"

"पैल्या दिसापासनं."

"मग आजवर बोलली का न्हाईस?"

"आजवर गरज पडली न्हवती," तारा म्हणाली आणि पानं लावायला लागली. तिचे कान मात्र लाल झाले होते.

भिकाजी बसला. ती काय म्हणाली ते त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. तिनं वाघ टाकला, भिकाजीनं परशूला दिलेला आणि परशूकडून तिनं मिळवलेला वाघ. यानं खेकडा टाकून वाघ तोडला. तिनं गवा टाकला, यानं मुंगूस टाकून गवा तोडला. वीसच्या वीस पानं तोडणारी! ती जे टाकील ते हा तोडणार, आणि अधूनमधून ती ह्याचं तोडणार. गड्डी संपली की पिसून पुन्हा पहिल्यापासून. एवढी मेहनत करून बांधलेली सगळ्यात झटपट गड्डी, ती आता कधीच संपणार नव्हती. माणसं कंटाळून पांगली. परशूला दिग्गी गाठायची होती, तो गेला. मग ताराची पानं जरा कलली आणि भिकाजीनं पाहिलं की तिच्या हातात अस्वल आहे, तरी तिनं टाकली खार. त्याच्या हातात साळिंदर होतं. त्यानंही मुद्दाम बेडूकच टाकला. तिनं वर पाहिलं. त्यानंही पाहिलं. आणि तेव्हा कुठं, बाबा, त्याच्या डोक्यात ते शिरलं.

बाजार उठत आला. नारायण झारा आपटत बाकाशी येऊन उभा राहिला. "भिकाजी, मला दुकान आवरायचं हाय. हा डाव संपायचा तरी कवा?"

भिकाजीनं आढ्याकडे पाहिलं नाही, पोटावरून हात फिरवला नाही. "अण्णा, हितं न्हाई संपायचा. ताराला माझ्या घरला दे. मला ती पाहिजे. ऱ्हायलेला डाव तिथं खेळतो."

बोलला आणि स्वतःच घाबरून पानांत तोंड घातलं. नारायणाचा झारा हवेतच राहिला. त्यानं खानापूरच्या स्थळाचं नाव काढायला तोंड उघडलं, पण बहिणीकडे बघितलं आणि मिटलं. तारा मान खाली घालून पत्ते पिसत होती.

"अण्णा," ती म्हणाली, "व्हय म्हण की लौकर. किती येळ लावतोस?"