वहिनीचा चौथा भाग

दादा संगीत लिहायचा. गायचा नाही, वाजवायचा नाही. पन्नास वादकांनी काय वाजवायचं ते कागदावर लिहायचा. लोक विचारायचे, "ते ठीक, पण काम काय करतो?" मग मी सांगायची, जाहिरातींना चाली लावतो. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

दंतमंजनाची त्याची चाल पोरासोरांच्या तोंडी होती आणि मोठ्या रचना कपाटावर धूळ खात होत्या. स्वभाव इतका भिडस्त, की हॉटेलात दुसऱ्याचा चहा समोर आला तरी मुकाट्याने पिईल.

केस पिकल्यावर एकदाचं शहरातल्या वाद्यवृंदाने त्याचं काही वाजवायचं ठरवलं. रचनेचे भाग चार. चौथा वहिनीचा. शिलाई मशीनवर बसली की ती एक धून गुणगुणायची, तीच त्यात होती. आता ती अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी हात टेकले होते. कार्यक्रम रेडिओवर थेट लागणार होता. निघताना दादाने रेडिओ तिच्या उशाशी ठेवला. "शेवटी तुझी धून आहे. ऐकशील ना?"

तिसऱ्या भागानंतर त्याने लांबलचक शांतता लिहिली होती. सगळे स्तब्ध, मग एकटं व्हायोलिन वहिनीची धून धरणार. पण लोकांना वाटलं, संपलं! कुणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळं सभागृह उभं राहिलं. वाद्यवृंदाचा संचालक गांगरला, आणि चक्क वळून लोकांपुढे वाकला. वादक एकमेकांकडे बघत उठले.

"दादा, ऊठ! सांग त्यांना, चौथा भाग राहिलाय!" मी त्याचा दंड हलवला.

तो उठला, आणि तोही वाकला. असा संताप आला मला!

घरी आलो तर रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. वहिनी ओशाळली होती. "अहो, रागावू नका. माझा डोळा लागला वाटतं. एकदम टाळ्याच ऐकू आल्या."

मी तोंड उघडलं. दादाने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"लागला असेल," तो म्हणाला. "छान वाजली तुझी धून."

"लोकांना आवडली?"

"उभे राहिले लोक."

ती समाधानाने हसली. मला रडू आवरेना, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

वहिनी गेल्यावर वाद्यवृंदाने माफी मागितली, पुन्हा सगळं वाजवू म्हणाले. दादाने चौथ्या भागाचे कागद तेवढे परत मागून घेतले. मी चिडले, तर म्हणाला, "तिच्या लेखी तो छान वाजलाय गं. आता राहू दे."