नळी धाकट्याच्या ताटात

आज रविवार, दुपारचा एक वाजलाय. आपली फिरती वही संध्याकाळी पुढच्या घरी जायची आहे, म्हणून जेवून उठताच लिहितो.

मंडळींनो, आमच्या घरी मटणातली नळी थोरल्या मुलाला मिळते. थोरला मी. पण मटण खाल्लं की माझं पोट दुखतं आणि कापड विणताना मागावरून चारचारदा उठावं लागतं. म्हणून महिन्यापूर्वी वैद्यांनी ते बंद केलं. हुलग्याचं कढण, नाचणीची आंबील आणि ताक यांनीही अंगात ताकद येते, असं ते म्हणाले.

आज आईनं माझ्यापुढं कढणाचं भांडं ठेवलं आणि नळी धाकट्या शिदूला वाढली. ती ताटावर आपटत तो हसला, "अण्णा, कॅम्पातल्या लष्करी घोड्यांचा खुराक खातोयस व्हय?"

आई म्हणाली, "त्या घोड्यांच्या दणकट पाठी बघितल्यास का? महिनाभरात ह्यो एकदा तरी पोट धरून मागावरनं उठलाय?"

खरं होतं. तरी माझी नजर नळीवरून हटेना.

मग शिदूनंच वाटी पुढं केली. "वाईच कढण दे की."

मी भांडं माझ्याकडे ओढलं. "घोड्यांचं हाय, तुला न्हाय सोसायचं."

नळी गेली, निदान हे तरी माझं राहू दे. तुम्ही दिलं असतं का? वहीत खाली लिहा.