पहिल्या मानाची रिकामी जागा

ती केस माझ्या डोळ्यांपुढून आजही हललेली नाही, आणि खरं सांगायचं तर मी ती हलू दिलेली नाही. खात्याने मला पदकं दिली, ती ट्रंकेत पडून आहेत. ही केस मात्र मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. बायको म्हणते, "झालं, लागली टेप!" लागू दे.

सत्तरीचं दशक होतं. मी मुडबीकडच्या भागात फौजदार होतो. त्या सुमारास एक बातमी पसरली, की गावठी बंदुकांवर सरकार कडक नियम आणणार. विनापरवाना ठासणीच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या आणि पीक राखायलासुद्धा नवा परवाना मिळायचा नाही. झालं! रानाला लागून शेतं असलेली गावं पेटून उठली. अर्ज आले, सभा झाल्या. त्यातलं सगळ्यात मोठं तोंड होतं एका गावच्या पुढाऱ्याचं. सगळा गाव त्यांना अण्णा म्हणे. जमीन भरपूर, शब्दाला वजन, आणि बोलणं असं की ऐकत राहावं.

"सायब, डुकरं काय परवाना बघून ज्वारीत शिरत्यात व्हय?" ते ठाण्यात येऊन मला विचारत. "सरकार येणार हाय का राखणीला? कामून आमच्या पोटावर उठलाव?"

मुद्दा खोटा नव्हता. डुकरांनी एका फेरीत भुईसपाट केलेली ज्वारी मी पाहिली होती. मी विचारलं, "अण्णा, गावात बंदुका किती?"

"एक बी न्हाई."

"मग विरोध कशाला?"

"शेजारच्या गावासाठी, सायब!" असं म्हणून ते मोठ्याने हसले. मीही हसलो. माणूस गोड होता.

नवरात्राच्या तोंडावर तालुक्याच्या दवाखान्यातून वर्दी आली. त्याच गावची एक तरुण सून दाखल होती, उजव्या डोळ्याला आणि गालाला जखमा. आणणाऱ्यांनी सांगितलं, धसकटावर पडली. डॉक्टरने गालातून छर्रे काढून बशीत ठेवले होते. ते पाहून मी हेड कॉन्स्टेबलला म्हणालो, "धसकटाला छर्रे कधीपासून लागायला लागले हो?"

बाई बौद्ध कुटुंबातली. दीड एकर कोरडवाहू, बाकी मजुरी. दिवस उजाडताना उडीद काढायला गेली होती. शेजारी चार-पाच जणांची ज्वारी लागून होती, तिच्यातून बार झाला, एवढंच तिला माहीत. कुणी झाडला ते दिसलं नाही. डोळा गेला होता. पण ती रडत होती ती वेगळ्याच कारणाने. "सायब, सगळे म्हणायलेत मी पडले. माझ्या नवऱ्याला बी पढवलंय. डोळा माझा गेला अन् खोटी बी मीच!"

माझं डोकं तापलं. फिर्याद नोंदवली आणि गावात जाऊन जबाब घ्यायला बसलो. पाटलापासून गुराख्यापर्यंत एकच पाढा: बार ऐकला नाही, बंदूक पाहिली नाही, बाई धसकटावर पडली. नवराही मान खाली घालून तेच बोलला. अण्णांच्याच जमिनीवर त्याची मजुरी, बिचारा काय करणार? घरझडत्या घेतल्या. कडब्याच्या गंजी उपसल्या, माळवदं तपासली. हाती आली ती एक जुनी तलवार, तीही म्यानात गंजून बसलेली. गावाचं गणित मला कळत होतं. सरकारपुढे अर्ज पडलेला, त्यात आपल्याच बंदुकीने बाईचा डोळा गेला हे बाहेर आलं तर अर्जाचा निकाल लागलाच म्हणायचा. म्हणून अख्ख्या गावाने त्या बाईला खोटं पाडायचं ठरवलं होतं.

मी जीपकडे निघालो तेव्हा त्या बाईची सासू वाटेत उभी होती. हातात खुरपं, नजर थेट माझ्याकडे.

"सायब, असं घरात घुसून काय बी गावायचं न्हाई तुमाला. खंडेनवमीला या, मारुतीपुढं."

"मावशी, खंडेनवमीला काय आहे?"

"आमी ते सगळं सोडलं. त्यांनी न्हाई सोडलं."

माझी मलाच लाज वाटली. खंडेनवमीला आमच्या ठाण्यातही रायफली धुऊन-पुसून मांडतात, हळदकुंकू लावतात, लिंबू कापतात. शस्त्राची पूजा चुकवायला शिपाईसुद्धा घाबरतो. मग तो गाव कसा चुकवेल?

त्या दिवशी ठाण्याची पूजा उरकली आणि नारळ घेऊन गेलो. बरोबर फक्त हेड कॉन्स्टेबल. फौज नेली असती तर गाव बिथरला असता आणि त्या बाईच्या घराला त्याची झळ बसली असती. मारुतीच्या पारावर कांबळं अंथरलेलं, त्यावर नांगराचे फाळ, कुऱ्हाडी, विळे आणि ओळीने ठासणीच्या बंदुका. प्रत्येकीला झेंडूची माळ. मला बघून पुजाऱ्याने ताम्हण खाली ठेवलं.

मी बूट काढले, नारळ ठेवला आणि म्हणालो, "आज पूजा आहे. आज मी एकाही बंदुकीला हात लावणार नाही. उद्या दसरा, परवा ज्याने त्याने आपली आणून द्यायची. माझा शब्द मानलात तर ज्यांची शेतं रानाला लागून आहेत त्यांच्या परवान्याची शिफारस मी स्वतः करीन." वरिष्ठांना कळलं असतं तर माझी वर्दी उतरली असती. पण माणूस ओळखायची विद्या पुस्तकात नसते, ती मी गावोगाव हिंडून शिकलो होतो.

मग माझं लक्ष ओळीच्या सुरुवातीला गेलं. मारुतीच्या अगदी समोर हळदकुंकू वाहिलेलं होतं, माळही ठेवलेली, पण बंदूक नव्हती. मी विचारलं, "हा पहिला मान कुणाचा?"

सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे वळल्या.

"अण्णा, तुमची कुठाय?"

अण्णा खांबाला टेकून उभे होते. तो हसरा चेहरा पार उतरला होता. मारुतीकडे पाहून ते म्हणाले, "मानसाचं रगत लागलेलं हत्यार देवापुढं कसं ठिवू, सायब?"

ज्वारीच्या कडेला उडदात काहीतरी हललं, डुक्कर समजून त्यांनी बार टाकला. किंकाळी ऐकली आणि पळाले. माझ्या तोंडावर त्यांना खोटं सांगता आलं, पण मारुतीपुढे ती बंदूक ठेवायला त्यांचा हात धजला नाही. कडब्याच्या गंजीत नव्हे, ती विहिरीच्या कपारीत मिळाली. पंचांसमक्ष जप्त केली. विनापरवाना शस्त्र आणि हयगयीने गंभीर दुखापत, असा गुन्हा लागला. ठरल्या दिवशी बाकीच्या बंदुकाही आल्या, एकूण एक. माझ्या शब्दावर अख्खा गाव चालत ठाण्यात आला, याचा मला आजही गर्व आहे. शिफारशी मीही केल्या. काहींना परवाने मिळाले, काहींना नाही.

बंदुकीचा तो नियम बरोबर की चूक, यावर मी आजही दोन्ही बाजूंनी भांडू शकतो. अण्णांचं मागणं रास्त होतं. पण मागणं रास्त असलं म्हणून त्याच्यासाठी एका बाईला खोटं पाडायचं नसतं, हे मी त्या गावात शिकलो आणि पुढे प्रत्येक ठाण्यात नव्या पोरांना शिकवलं.

अण्णांचा जबाब घ्यायचा होता तेव्हा ती बाई सासूबरोबर चावडीवर आली. डोळ्यावर पट्टी, अंगावर बौद्ध बायका सणाला नेसतात तसं पांढरं लुगडं. अण्णांनी हात जोडले. "पोरी, माफी कर."

"माफीचं मागनं बघू," ती म्हणाली. "आधी लिवून द्या, मी धसकटावर पडले न्हाई म्हून."

जबाब लिहून झाला. गाव जमलेला होता, म्हणून मी तो मोठ्याने वाचला. ती उभी राहून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत होती. मग तिने पदर सावरला आणि सासूला म्हणाली, "चला आत्या, उडीद तसाच पडलाय."